आठवा खिळा

भुरभुर पाऊस पडत होता आणि पुलावर एक माणूस पालथा पडला होता.

पूल नवाकोरा, अजून रहदारी सुरू व्हायची होती, त्यामुळे त्याच्या अंगावरून गाडी जाण्याची भीती नव्हती. पण म्हणून काय भल्या माणसानं ओल्या लोखंडाला गाल टेकून, डोळे मिटून पडायचं? ती थबकली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फायलींची पिशवी, काखेत पाण्याची बाटली. जवळ जाऊन वाकली, तर तो माणूस पुटपुटत होता, "...दोन... तीन... चार..."

शुद्ध हरपताना माणसं आकडे मोजतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची आई तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. घरात गोष्टी त्याच. तिनं बाटलीचं झाकण उघडलं आणि सगळीच्या सगळी बाटली त्याच्या मानेवर उपडी केली.

माणूस असा उडाला, की दोन-चार हातांवर बसलेले तीन पक्षीही उडाले.

"अहो! काय करताय काय?"

"तुम्ही... ठीक आहात ना?"

"होतो! आत्ता या क्षणापर्यंत अगदी ठणठणीत होतो. आता शर्टाच्या आतून नदी चाललीय."

"मला वाटलं चक्कर आली. तुम्ही मोजत होतात..."

"ऐकत होतो मी."

"काय? रस्ता?"

"पूल." त्यानं कपाळावरचे केस मागे सारले. पापण्यांवर थेंब लोंबत होते आणि त्यांच्या आड दोन डोळे रागवायचं की हसायचं या पेचात पडले होते. "पान खाली येऊन टेकलं की घुमतं. घुमणं थांबलं, की ते किती वेळात अंग सोडून बसतं ते मोजत होतो. तेवढ्यात तुम्ही मला आंघोळ घातलीत."

"मग... छत्री देऊ?"

"आता? आता माझ्यामुळे तुमची छत्री भिजेल, बाई."

तिला हसू आलं. ते तिनं आवरलं. कामाच्या पहिल्या दिवशी हसणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण ओठांचा उजवा कोपरा तत्त्वं पाळत नाही, हे तिला माहीत नव्हतं आणि त्याला मात्र लगेच दिसलं.

हा पूल साधा नव्हता. नदीतून उंच बोटी यायच्या, म्हणून पुलाचा मधला भाग, ज्याला तिथं सगळे पान म्हणत, बिजागरीवरच्या दारासारखा उचलला जायचा. बोट गेली की पान खाली, मग टोकाला एक जाड लोखंडी अडसर सरकवायचा, की झाला पूल पुन्हा रस्ता. असा पूल त्या कंपनीनं एकच बांधला होता. तो बांधायला चार वर्षं लागली, सात माणसं लागली, आणि पालथा पडलेला तो सातांतला यंत्रांचा माणूस. त्याला सगळे कानसेन म्हणत. गाणं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण यंत्र कुठं दुखतंय ते तो ऐकून सांगायचा. एकदा म्हणे, नदीतून जाणाऱ्या बोटीचा आवाज ऐकून तो म्हणाला, "या कप्तानाचं सकाळी बायकोशी वाजलंय." संध्याकाळी बोट परतली तेव्हा कप्तानीणबाईच सुकाणूवर होत्या आणि कप्तान मागं भांडी घासत होते. सांगणारे सातही जण शपथेवर सांगतात. आता सात माणसं एकदम खोटं कशी बोलतील?

आणि ती? ती यादीबाई.

कंपनीचं दुसरं काम म्हणजे पाण्याच्या टाक्या. चाळीस बांधून झाल्या होत्या, सगळ्या एका साच्यातल्या. तिथं दर तीन महिन्यांनी माणसं बदलत, कोणाला कोणाचं नाव माहीत नसे, आणि तरी टाकी उभी राहायची, कारण हातात यादी असायची: एकशे बारा कलमं. ती यादी तिची. तिसऱ्या टाकीच्या वेळी एक गवंडी काम सोडून गेला. उत्तरेकडची माती पोकळ आहे हे फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि त्याला कोणी विचारलंच नाही. टाकी बोटभर कलली. तेव्हापासून ती विचारत सुटली होती. माणूस जाण्याआधी त्याच्या डोक्यातलं कागदावर आलं पाहिजे, एवढा एकच ध्यास.

म्हणून साहेबांनी तिला पुलावर पाठवलं. तीन आठवड्यांत पूल नदीच्या कचेरीच्या ताब्यात जायचा होता, सातही जण सात दिशांना नव्या कामांवर जायचे होते, आणि पूल चालवायचं पुस्तक? पुस्तकाच्या नावानं भिंतीवर चहाच्या डागांचा एक नकाशा होता.

पुलाच्या पायथ्याशी पत्र्याची शेड होती. आत फळीवर सात खिळे, सात खिळ्यांना सात कप. कोणी कोणाच्या कपाला हात लावत नसे. पाहुण्याला चहा मिळायचा तो बोल्टांच्या डब्याच्या झाकणात.

"घ्या बाई," वेल्डरमामांनी झाकण पुढं केलं. सगळ्यात वयस्क तेच, आणि सगळ्यांचेच मामा. "पुसलंय. बहुतेक."

"माझ्याकडे चाळीस प्रश्न आहेत," तिनं वही उघडली. "टाक्यांच्या धर्तीवर काढलेत."

"टाक्यांच्या?" कानसेन कोरड्या शर्टाची बटणं लावत दारात उभा होता. "तुमच्या टाक्या म्हणजे चाळीस भावंडं, सगळी एका तोंडवळ्याची. हा आमचा एकुलता एक आहे, बाई. लाडावलेला. याला यादीतलं काही कळत नाही."

"पण तुम्ही सातजण गेल्यावर हा एकुलता एक कोणाच्या पदरात टाकायचा?"

मामांनी हळूच दुसरं झाकण काढून तिच्या झाकणावर ठेवलं, चहा निवू नये म्हणून. चार वर्षांत हा प्रश्न कोणाच्या मनात आला नव्हता असं नाही. पण तो कोणी मोठ्यानं विचारला नव्हता.

सगळ्यांत जास्त प्रश्न कानसेनच्या वाट्याला आले, कारण सगळ्यांत जास्त त्याच्याच डोक्यात होतं. तो एका प्रश्नाला चार गोष्टी सांगायचा आणि त्यांतल्या एकीत उत्तर असायचं. कोणत्या, ते तिनं ओळखायचं.

"लिहा. डावीकडची मोटर सकाळी रुसलेली असते."

"रुसलेली असं लिहिता येत नाही."

"मग काय लिहाल?"

"थंड असताना पूर्ण भार घेत नाही."

"तेच की! रुसल्यावर कोण भार घेतं?" तो तिच्या वहीत डोकावला. "आणि तुम्ही रुसलात की किती वेळानं चालू होता?"

"हा प्रश्न यादीत नाही."

"घाला की."

"यादी माझी आहे."

"म्हणून तर म्हणतो — घाला."

ती मान खाली घालून लिहीत राही. पेन चालायचं, पण कान मात्र भलतीकडे. कान लावून ऐकण्याची सवय संसर्गजन्य असते की काय कोण जाणे. पुलाच्या लोखंडी जिन्यावर त्याच्या पायऱ्या चढण्याचा आवाज तिला खाली शेडमध्ये बसूनही ओळखू यायला लागला. डावं पाऊल जरा जड, उजवं हलकं. हे तिनं कुठल्याच कलमात लिहिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी ती शेडमध्ये आली, तर फळीवर आठ खिळे होते. आठव्याला निळ्या काठाचा नवा कप.

"हे कोणी केलं?"

सात माणसं सात दिशांना पाहू लागली.

"चार वर्षांत साहेबांनासुद्धा खिळा मिळाला नाही, बाई," वेल्डरमामा पत्र्याच्या छताकडे बघत म्हणाले. "आम्हाला काही माहीत नाही. उगवला असेल."

तिनं कानसेनच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"एवढा हात बसलेला माणूस," ती कप उतरवत म्हणाली, "खिळा ठोकताना स्वतःच्या अंगठ्यावर कसा मारून घेतो?"

"लक्ष नव्हतं."

"कुठं होतं?"

"तुमच्या वहीत. पान सोळा, प्रश्न अठरा." मग जरा थांबून, "त्या पानावर तुमची एक बट आली होती... वाचता येत नव्हतं."

त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली होती. तिला कळलं नाही.

घरी आई मात्र काही राहू द्यायची नाही. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एकीत शिवणयंत्राची घरघर जमिनीतून वर यायची, दुसरीत आई चष्म्यावरून बघायची.

"प्रश्न किती झाले गं?"

"त्रेपन्न."

"मागच्या आठवड्यात चाळीस होते ना? मी म्हणते, उत्तरं मिळाली की प्रश्न कमी होतात. तुझ्या प्रश्नांना पिल्लं होतात का?"

"आई, पूल गुंतागुंतीचा आहे."

"पूल आहे होय?" आईनं सुईत दोरा ओवला. "मी तीस वर्षं नाड्या बघितल्यात. पुलाच्या नावानं तुझी वाढते ती बघतेय मी. एक तर प्रश्न संपव, नाहीतर काय ते सांगून टाक. पेशंटला उगाच झुलवत ठेवू नये."

खरं सांगायचं तर त्या वाढीव प्रश्नांतल्या निम्म्यांची उत्तरं तिला येत होती. वंगण कोणतं घालायचं हे डब्यावर छापलेलं असतं. त्यासाठी माणसाला तासभर समोर बसवून ठेवायचं कारण नसतं. पण पुस्तक पूर्ण झालं, की तो सही करणार आणि दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडच्या खाणीत पंप बसवायला निघून जाणार, हे साहेबांच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. आणि तिच्या नावापुढं? एक्केचाळिसावी टाकी.

त्याची परिस्थिती काही वेगळी नव्हती. एका उत्तराला लागणाऱ्या चार गोष्टी आता सहावर गेल्या होत्या. तो थोरल्या भावाकडे राहायचा, त्याची वहिनी हल्ली डबा दुप्पट भरून द्यायची आणि विचारायची, "भावोजी, पुलालाही भूक लागते का हो?"

शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, तिनं आईचं ऐकायचं ठरवलं. वहीत त्रेसष्ट आकडा घातला आणि वर लिहिलं: शेवटचा.

कानसेननं तो शब्द उलट्या बाजूनं वाचला. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं.

"विचारा."

"पान खाली येऊन घुमणं थांबलं, की अडसर सरकवण्याआधी किती मोजायचे?"

बाहेर नदीवरून एक बोट गेली, तिच्या लाटा पायथ्याला लागून फुटल्या.

"तीन," तो म्हणाला.

तिनं लिहिलं: तीन. वही मिटली. दोघंही उठले नाहीत.

"मग... झालं?"

"झालं. शुक्रवारी चाचणी."

"गुरुवारी येणार ना तुम्ही? म्हणजे... एकदा सगळं वाचून बघायला?"

"येईन," ती म्हणाली. आणि तिला वाटलं, त्याच्या खांद्यांवरून एक मोठं ओझं उतरलं. गुरुवारचं त्याला एवढं काय, हे तिनं विचारलं नाही. त्रेसष्ट प्रश्न विचारणाऱ्या बाईनं नेमका तोच विचारला नाही.

इथं नशिबानं आपलं नाक खुपसलं. नदीच्या कचेरीतल्या मोठ्या इंजिनीयरांची रजा बदलली आणि चाचणी शुक्रवारवरून बुधवारवर आली. बुधवारी सकाळी कानसेन तर कारखान्यात रबरी वायसर आणायला गेलेला. त्याला कोणी कळवलंच नाही. पुस्तक तयार आहे म्हटल्यावर माणूस कशाला लागतो?

पूल चालवायला नवी बाई नेमली होती. आधी बंदरावर क्रेन चालवायची, दोन मुलांची आई, तीन महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर आलेली. सगळे तिला ताई म्हणत. ताईनं पुस्तक उघडून समोर ठेवलं, पान उचललं, बोट सोडली, पान खाली घेतलं. पान घुमलं. घुमणं थांबलं. एक, दोन, तीन — ताईनं अडसराचा दांडा ओढला.

खण्णकन आवाज झाला आणि अडसर अर्ध्यात रुतून बसला.

पुढचे दोन तास सहा माणसं हातानं चक्र फिरवत होती. पान बोटभर वर आलं तेव्हा कुठं अडसर सुटला. मोठे इंजिनीयर घड्याळ बघत होते.

"पुस्तकात तीन लिहिलंय," ते ताईला म्हणाले. "तुम्ही घाईघाईनं मोजले असणार. पुढं इथून शाळेची बस जायचीय. असा माणूस आम्हाला चालणार नाही."

"साहेब, मी नीट मोजले," ताईचा आवाज चिरकला. "मुलांची शप्पथ, नीट मोजले."

यादीबाई पुढं झाली. "पुस्तक माझं आहे. तपासू द्या." पण पुस्तक उघडण्याआधी तिनं ताईकडे पाहिलं, कारण पुस्तक बरोबर असेल तर ताई घरी जाणार होती, आणि चूक असेल तर...

"तीन नाहीत. पाच."

कानसेन दारात उभा होता, हातात वायसरांची पिशवी. धावत आला असावा.

"ताईंची चूक नाही," तो म्हणाला. "पुस्तकाचीही नाही. मी तीन सांगितले. पाच आहेत. उन्हात सहा."

"तुम्हाला माहीत होतं?" इंजिनीयरांनी विचारलं.

"माहीत होतं."

"मग चुकीचं का सांगितलं?"

ज्या माणसाला चार वर्षांपूर्वी आलेल्या प्रत्येक मोटरचा खोकला आठवत होता, तो खाली मान घालून म्हणाला, "विसरलो." सहा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सहाही जणांनी आपापल्या बुटांकडे.

तिनं त्याला शेडच्या मागं गाठलं.

"विसरला नव्हतात."

"नाही."

"मग?"

"तुम्ही वर 'शेवटचा' लिहिलंत." तो तिच्याकडे बघत नव्हता. "म्हटलं, गुरुवारी तुम्ही वाचायला याल तेव्हा सांगू, की एक दुरुस्ती आहे. तेवढाच एक दिवस... तेवढंच एक बसणं. चाचणी शुक्रवारी होती ना! मला काय माहीत—"

"तुम्ही माझ्या वहीत खोटं लिहवून घेतलंत." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "एका दिवसासाठी त्या बाईचं काम जात होतं. आणि आता त्रेसष्टांपैकी एक खोटं निघालं, तर उरलेल्या बासष्टांवर मी कसा विश्वास ठेवू? ताईनं कसा ठेवायचा?"

त्याच्याकडे आता चार सोडा, एकही गोष्ट नव्हती.

ती वळली. दहा पावलं गेली आणि थांबली. पहिला दिवस, भुरभुर पाऊस, ओलं लोखंड... दोन, तीन, चार. पाणी ओतलं तेव्हा तो चारवर होता आणि अजून थांबायचं नाव नव्हतं. हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं! आणि तरी मंगळवारी मुकाट्यानं तीन लिहिलं. का? तर सांगणारा तो होता. टाक्यांवर तिनं कोणाच्याही शब्दावर असं लिहिलं नसतं. दुसऱ्याकडून पडताळून घेतलं असतं. इथं तिला पडताळायचंच नव्हतं.

मागं न वळताच ती म्हणाली, "उद्या सकाळी आठला. सगळे त्रेसष्ट पुन्हा. तुम्ही करून दाखवायचं, ताई करून बघणार. आणि लिहिणार मी नाही."

"मग कोण?"

"ज्यांना पूल चालवायचाय त्या."

इंजिनीयरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. ते चार दिवस कोणी कोणाशी थट्टा केली नाही. कानसेन दाखवायचा, ताई दांडा ओढायची, जीभ दातांत धरून लिहायची. तिच्या अक्षरात पुस्तक वेगळंच दिसू लागलं. यादीबाईनं "थंड असताना पूर्ण भार घेत नाही" असं लिहिलं होतं, ताईनं लिहिलं, "सकाळी डावीला आधी नुसतीच फिरू द्या, पोरांना उठवतो तसं. लगेच कामाला लावू नका."

"म्हणजे रुसलेली," कानसेन हळूच बोलून गेला.

यादीबाईनं ऐकलं. ओठांचा कोपरा हलला असेल. तिनं चेहरा वळवला होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

पण ती एक गोष्ट मनाशी समजली. टाक्यांवर कागद सांभाळला की काम भागतं, कारण तिथं माणूस पाहुणा. इथं माणूसच कागद. त्याला वहीत उतरवून घेता येत नाही. त्याच्या शेजारी दुसऱ्या माणसाला बसवावं लागतं, दोघांचं जमू द्यावं लागतं, आणि मग बसलेल्याच्या हातून जे उतरेल ते पुस्तक. शेजारी बसण्याचे धोके तिला आता चांगलेच ठाऊक झाले होते. तरी दुसरी वाट नव्हती.

सोमवारी चाचणी झाली. पान घुमलं, थांबलं, ताईनं मोठ्यानं पाच मोजले आणि अडसर लोण्यात सुरी जावी तसा गेला. मोठ्या इंजिनीयरांनी पुस्तकावर सही केली आणि ताईची नेमणूक पक्की केली. वेल्डरमामांनी डोळे पुसले आणि ठिणगी गेली म्हणाले. आसपास कोसभर वेल्डिंग चालू नव्हतं.

आता एकच राहिलं होतं. कंपनीचा रिवाज असा, की काम संपलं की सगळ्यांनी शेवटचं एकत्र बसायचं. प्रत्येकानं एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय वेगळं कराल. नाव लिहायचं नाही. कागद डब्यात टाकायचे, एकानं ते मोठ्यानं वाचायचे, आणि कोणाचा कोणता हे कोणी विचारायचं नाही. वाचणारी अर्थातच यादीबाई. डबा बोल्टांचा.

शेडमध्ये आठ कप भरले गेले. ताईला त्या दिवसापुरतं झाकण. यादीबाईनं एकेक कागद काढला. रंगाऱ्याचं म्हणणं, दुसरा हात वाळल्याशिवाय तिसरा देऊ नये. मामांनी लिहिलं होतं की चहा आधीपासूनच जास्त करायला हवा होता. पाचवा कागद तिनं उघडला आणि परत मिटू लागली. ताडमाड अक्षरं, लिहायची सवय नसलेल्या हाताची.

"वाचा ना, बाई," मामा म्हणाले. फार भोळेपणानं म्हणाले.

तिनं वाचायला घेतलं.

"काय ठरलं होतं? त्रेसष्ट प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची. काय झालं? बासष्ट दिली. एका उत्तरानं एका चांगल्या बाईचं काम जाणार होतं, आणि दुसऱ्या चांगल्या बाईचा विश्वास गेला." तिनं कागद उजेडाकडे धरला. "का झालं? चौसष्टावा प्रश्न असावा असं वाटत होतं. पुढच्या वेळी काय वेगळं कराल?..."

"आवाज येत नाही इकडं," रंगारी म्हणाला.

"...चौसष्टावा प्रश्न मीच विचारीन. पहिल्या दिवशी. ओल्या शर्टानं."

नियम म्हणजे नियम, कोणाचा कागद हे कोणी विचारलं नाही. कानसेन आपल्या कपाच्या तळाशी काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता.

ती पुढचा कागद काढणार होती. डब्यात तिचाही होता. तो मागं सारून दुसरा घेता आला असता. तिच्या बोटांना तो सापडला आणि बोटांनी तो सोडला नाही.

"काय ठरलं होतं? चाळीस प्रश्न विचारायचे. काय झालं? त्रेसष्ट विचारले. वाढलेल्या तेविसांपैकी अकरांची उत्तरं विचारणारीला आधीच येत होती." ताईनं पदर तोंडाला लावला. "आणि पहिल्या दिवशी स्वतःच्या कानांनी चार ऐकूनही तिनं तीन लिहिलं, पडताळलं नाही. का झालं? " इथं तिनं कागदावरून नजर उचलली. "मघाच्या कागदात कारण दिलंय, तेच. पुढच्या वेळी काय वेगळं कराल? पाण्याची बाटली जवळ ठेवीन."

मग जो हशा उठला, त्यानं म्हणे नदीपलीकडची तीन गाढवं बावरून उभी राहिली.

संध्याकाळ झाली. सातजण निघायच्या तयारीत होते, एकेक कप खिळ्यावरून उतरत होता. ती पिशवी भरून पुलावर आली. कानसेन मागून आला. डावं पाऊल जड, उजवं हलकं. त्याच्या हातात पक्कड होती, पकडीत एक खिळा, आणि दुसऱ्या हातात निळ्या काठाचा कप.

"उपटलात?" तिनं विचारलं.

"शेड परवा पाडणार. म्हटलं, मागं कशाला सोडायचा." तो कठड्याशी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. "खाणीवर मला एक खोली मिळणारेय. भिंत चांगली आहे म्हणतात. तीन महिन्यांचं काम आहे, मग परत. तुमची टाकी कुठं आहे?"

"बसनं गेलं तर दोन तास. खाणीपासून."

"मोजलेत तुम्ही?"

"पडताळलेत," ती म्हणाली.

तो हसला, मग हसू मावळलं आणि चेहरा पहिल्यांदाच अगदी उघडा झाला. "मी एकदा तुम्हाला खोटं सांगितलंय. ते पुसलं जाणार नाही, माहितीये. तरी विचारतो. चौसष्टावा. उद्या हा खिळा तिथल्या माझ्या भिंतीला ठोकतो. परत आलो की जी भिंत घेऊ ती... दोघांची असेल का?"

खाली ताई कामावर रुजू झाली होती. एक बोट गेली, पान हळूहळू खाली येऊ लागलं, येऊन टेकलं, आणि सबंध पूल त्यांच्या पायांखाली घुमायला लागला. दोघंही ऐकत राहिले. घुमणं विरत गेलं... थांबलं.

त्यानं बोलायला तोंड उघडलं होतं, पण ते मिटलं आणि तो थांबला.

तिनं डोळे मिटले. ओठ पुटपुटू लागले. एक... दोन... तीन...

चार.

पाच.

खाली अडसर अलगद सरकल्याचा आवाज आला.

"हो," ती म्हणाली, आणि कप त्याच्या हातातून आपल्या हातात घेतला.